मागच्या पानावर गेलेल्या ओळी

‘नोंद आढळली नाही’ हे तीन शब्द मी लिहिले आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी, एका दुपारी, चहाचा कप हातात असताना. राजपत्राच्या शोधखिडकीत एखाद्याला हवं ते सापडलं नाही, तर पडद्यावर काय दिसावं असा प्रश्न होता. तेव्हाच्या साहेबांना सुरुवातीला ‘क्षमस्व’ हवं होतं. मी म्हटलं, सरकारनं कशाला क्षमा मागायची? नसेल नोंद तर नाही. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि मला सगळंच येत होतं.

आमचं ऑफिस सरकारचं राजपत्र छापतं. कायदे, नेमणुका, बढत्या, जमिनींच्या सूचना, आणि शेवटच्या पानांवर ज्यांनी नाव बदललं त्यांची निवेदनं. दर शुक्रवारी सकाळी दहाला अंक बाहेर पडतो आणि त्यात जे छापलंय ते दहा वाजल्यापासून खरं असतं. नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी ते खरं नसतं. माझा हुद्दा वरिष्ठ संगणक अभियंता, पण इमारतीत सगळे मला मशीनबाई म्हणतात. संचालकसाहेबसुद्धा, मी समोर नसले की.

त्या बुधवारी खालच्या खिडकीवरच्या कारकुनाचा फोन आला. "मशीनबाई, एक आजोबा आलेत. ऐकायलाच तयार नाहीत. वर पाठवू?"

"नका पाठवू" म्हणेपर्यंत आजोबा दारात उभे. सत्तरीचे, काटकुळे, खिशाला तीन पेनं, आणि अंगाला औषधाच्या दुकानाचा तो कडवट गोडसर वास.

"बाई," ते म्हणाले, "मी एकच माणूस आहे की दोन, एवढं तुमचं मशीन सांगेल का?"

माझ्या कपाळावर आठी चढली. मला कोड्यात बोलणारी माणसं आवडत नाहीत. पण त्यांनी सांगितलं ते कोडं नव्हतं. ते औषधवाले. परीक्षा पास झाले जुन्या नावानं, दुकान चालवतात नव्या नावानं. मधे अडतीस वर्षांपूर्वी नाव बदललं. आता औषधविक्रेत्यांची यादी नव्यानं करताहेत, आणि परीक्षा दिलेला माणूस आणि गोळ्या विकणारा माणूस एकच, हे राजपत्रातल्या निवेदनावरून सिद्ध करायचं. महिनाअखेरपर्यंत. म्हणजे नऊ दिवस. यादीवाल्या कारकुनानं आमच्या शोधखिडकीत नाव घातलं, तर माझे ते तीन शब्द.

"तुम्ही निवेदन दिलंच नसेल," मी म्हटलं. माझा आवाज असा आहे की साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटतं, आणि तेव्हा तर मी साधं बोलतच नव्हते.

"नाही कसं? दोन अंक विकत घेतले होते मी!"

"दोन कशाला?"

"अहो, अर्धं निवेदन पानाच्या तळाशी आलं आणि उरलेलं उलटून मागच्या पानावर गेलं. चौकटीत लावायचं तर दोन्ही बाजू कशा दिसणार? म्हणून एका अंकातून ही बाजू कापली, दुसऱ्यातून ती, आणि खाली-वर चिकटवली. तीस वर्षं दुकानात लावलं होतं. मग भिंतीला ओल आली." त्यांनी हात पसरले. "जुनं नाव वडिलांनी रागाच्या भरात ठेवलेलं होतं. तिसरा मुलगा नको होता त्यांना. ते नाव मोडल्याचा कागद होता तो, बाई. देवाच्या फोटोशेजारी लावला होता मी."

पुढचं मी ऐकलं नाही. काय झालं होतं ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उलटून मागच्या पानावर गेलं, एवढं पुरे होतं.

सांगते, सोपं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी एकतीस वर्षांचे जुने छापील खंड संगणकावर घ्यायचं काम मी केलं. पानाचं चित्र काढायचं, त्यातून एकेक निवेदन वेगळं करायचं, मजकूर ठेवायचा आणि चित्र पुसून टाकायचं. तेव्हा यंत्रात जागाच तेवढी होती. निवेदन म्हणजे काय हे प्रोग्रॅमला मी असं शिकवलं: वर क्रमांक, खाली तारीख आणि सही. जे पानाच्या तळाशी तुटलं त्याच्या वरच्या तुकड्याला सही नाही, खालच्या तुकड्याला क्रमांक नाही. असे तुकडे प्रोग्रॅमनं ‘अर्धवट’ नावाच्या कप्प्यात टाकायचे आणि वाचकखोलीतल्या माणसांनी ते डोळ्यांनी बघून जोडायचे. वाचकखोली म्हणजे जिथे दोघं दोघं बसून मजकूर मोठ्यानं वाचून ताडायचे. एक वाचायचा, दुसरा बोट फिरवायचा. सगळा विचार मी केला होता. फक्त प्रोग्रॅम इतका छान चालला, की काम पुरं व्हायच्या आतच वाचकखोली बंद झाली. सहा माणसं घरी गेली आणि मला सत्काराची शाल मिळाली. कप्पा मात्र भरत राहिला. महिनाभर कुणी हात लावला नाही तर तो आपोआप रिकामा व्हावा, ही सोयही माझीच.

आणि बेरीज? बेरीज बरोबर जुळली. कारण मी मोजलं होतं ते कप्पा वगळून.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हळूच मूळ खंड उघडून चूक दुरुस्त केली असती. पण मागच्या शुक्रवारच्या अंकात माझं प्रमाणपत्र छापून आलं होतं: संगणकीय प्रत मूळ छापील प्रतीशी तंतोतंत जुळते. खाली माझी सही. तळघराची जागा दुसऱ्या खात्याला हवी होती. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कागद गिरणीची गाडी येणार होती आणि सगळे जुने खंड लगद्याला जाणार होते. आणि या शुक्रवारच्याच अंकात माझी उपसंचालक म्हणून बढती प्रसिद्ध व्हायची होती. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची नावं छापल्यावर.

"उद्या अकराला या," मी आजोबांना म्हटलं.

"सापडेल?"

"या म्हटलं ना."

ते गेल्यावर मी तळघरात गेले. जुन्या खंडांची राखण करणारे गृहस्थ तळघरवाले म्हणून ओळखले जातात. वर ते फक्त पगाराच्या पावतीवर सही करायला येतात. खंड सुतळीनं बांधून दाराशी रचून ठेवले होते. मला पाहून ते म्हणाले, "निरोप द्यायला आलात का?"

"एक खंड हवाय. अडतीस वर्षांपूर्वीचा."

"बांधलेत सगळे. तुमच्याच सहीनं बांधलेत." पण त्यांनी सुतळी सोडली, एका गठ्ठ्याची, मग दुसऱ्याची, कुरकुरत.

निवेदन सापडलं. पानाच्या तळाशी तीन ओळी, उलटून पाच. अगदी म्हातारा म्हणाला तसं. मला इतकं हायसं वाटलं की मी तळघरवाल्यांना हसून धन्यवाद दिले, आणि ते घाबरले, कारण मी असं कधी करत नाही. छायाप्रत काढायची, खरी नक्कल म्हणून शिक्का मारायचा, म्हाताऱ्याचं काम संपलं. खंड जाऊ देत. बढती येऊ दे.

मग माझा हात आपणहून पान उलटत राहिला. पुढचं पान. त्याच्या पुढचं. मी शंभर पानं मोजली. छत्तीस पानांच्या तळाशी निवेदन तुटलेलं होतं. एकतीस वर्षं, वर्षाला निवेदनांची साडेबाराशे पानं. हा हिशेब करायला मला कागद लागत नाही, आणि तो मला येत नसता तर बरं झालं असतं. चौदा हजार. चौदा हजार माणसं माझ्या पानाच्या कडेवरून खाली पडली होती, आणि एकोणीस वर्षांत त्यांतलं जे कुणी खिडकीवर येऊन विचारत असेल त्याला मी सांगत होते, नोंद आढळली नाही.

घरी आईनं दारातच विचारलं, "परवाच ना गं?"

आई ब्याऐंशीची. माझं नाव राजपत्रात येणार हे तिनं वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत सांगून ठेवलं होतं. आणि आज तिनं एक चौकट आणवून घेतली होती. लाकडी, काच पुसलेली, आत कोरा पुठ्ठा. ती टेबलावर, जेवणाच्या ताटांशेजारी उभी होती.

माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. घरातच, मागच्या खोलीत. त्याच्या बोटांना कायम ते गुलाबी पीठ लागलेलं असतं. आई झोपायला गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.

"किती जणांना माहीत आहे?" शेवटी त्यानं विचारलं.

"मला. आता तुला."

"हं." तो एका कवळीला कानस मारत होता. "माझं माप चुकलं तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. तोंडात बोट घालून दाखवतो, इथे टोचतंय. शिव्या देतो. मला बरं वाटतं त्याचं, निदान कळतं तरी. तुझ्याकडे कोण येणार? ज्यांना टोचतंय त्यांना वाटत असेल आपलेच दात वाईट."

"म्हणजे मी काय करू?"

"मला काय विचारतेस? मी कवळ्या करतो." आणि मग, कानस खाली ठेवत, "बढती गेली तर आईला मी सांगतो. ते माझ्यावर सोड."

त्याचा राग आला मला. बढती जाणार हे त्यानं गृहीतच धरलं होतं.

गुरुवारी सकाळी औषधवाले अकराच्या आधीच आले. मी शिक्का मारलेली नक्कल पुढे केली. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली, आपल्या जुन्या नावावर क्षणभर थांबले आणि कागद खाली ठेवला.

"हे चालणार नाही, बाई. तो कारकून कागदाला हात लावत नाही. म्हणतो, शिक्के काय बाजारात मिळतात. तो मशीनमध्येच बघणार. मशीन नाही म्हणालं, तर हा कागद खोटा. वर मी खोटे कागद करतो असं होईल."

"मूळ खंडाशी ताडून घ्या म्हणावं."

"कुठे आहे तो खंड?"

उद्या अकरानंतर तो कुठेच नसणार होता.

"तुम्हीच घालून टाका ना," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आठ ओळी. तुमच्याच तर हातात आहे."

माझ्याच हातात होतं. खरं सांगायचं तर हे मला आदल्या दिवशीच सुचलं होतं. मी संगणकातली नोंदवही उघडली, जुनं नाव टाइप केलं, नवं नाव टाइप केलं, क्रमांक, तारीख. बोट बटणावर ठेवलं. या नोंदवहीत एकोणीस वर्षांत कुणीही हातानं काही घातलं नाही. एकदा एका बड्या माणसाच्या ऑफिसातून फोन आला होता, एक जुनी तारीख जरा मागे न्या म्हणून, आणि मी फोन आपटला होता. आता हे घातलं तर पुढचा फोन कुठल्या तोंडानं आपटणार? आणि हे एक घातलं, मग बाकीच्या चौदा हजारांचं काय? ते माझ्यासमोर स्टुलावर बसलेले नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी सगळं पुसलं.

"नाही होत?" औषधवाल्यांनी विचारलं.

"होतं. पण करणार नाही."

त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "वा! चूक तुमची, आणि सोवळं माझ्या जिवावर? माझं दुकान बंद पडलं तर तुमच्या मशीनला काय फरक पडतो?" ते उठले. मला वाटलं निघाले. "बाहेर बाक आहे. इमारत पाचला बंद होते ना? तोवर बसतो मी. बघू तुम्हाला कसं बसवतं."

ते खरंच बसले. माझ्या दाराला अर्धी काच आहे. त्यातून त्यांच्या पायातली चप्पल दिसत होती आणि दर दोन मिनिटांनी मी तिकडे बघत होते. दोन वाजेपर्यंत मी एकही काम केलं नाही. चहा गार झाला, दुसरा मागवला, तोही गार झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. शिपाई फाइल घेऊन आला तरी मला वाटायचं, कळलं वाटतं.

अडीचला संचालकसाहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाही. मी बोलायला लागल्यावर दुसऱ्या वाक्याला ते उठले आणि स्वतः जाऊन दार लावून आले. आमच्या ऑफिसात साहेब स्वतः दार लावतात तेव्हा काय समजायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

"गाडी थांबवा फक्त," मी म्हटलं. "कारण सांगू नका. पावसाचं म्हणा, वजनकाट्याचं म्हणा. मी महिन्याभरात सगळं भरून काढते."

"छापून आलेल्या प्रमाणपत्रावर गाडी निघालीय, बाई. छापलेलं थांबवायचं तर छापूनच थांबवावं लागतं. हे मी तुम्हाला शिकवू?" त्यांनी चष्मा काढला. "आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. हा शुक्रवार जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात आपण समिती नेमू."

"पुढच्या आठवड्यात खंड नसतील, साहेब."

"मग समितीला काम सोपं जाईल."

मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

"तुमच्या बढतीची फाइल इथे आहे." त्यांनी टेबलावर बोट ठेवलं. "अजून छापायला गेलेली नाही, पानं बंद होताना शेवटी जाईल. प्रमाणपत्रात चूक निघाली तर ती जाणार नाही, चौकशी होईल. हे धमकी म्हणून सांगत नाही, रीत म्हणून सांगतोय." मग खिडकीकडे बघत, जणू दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं, "शुद्धिपत्र ज्याची सही त्यानंच द्यायचं असतं. त्याला माझी परवानगी लागत नाही. मला ते अडवताही येत नाही. नियम जुना आहे. आणि आता या, तुम्ही इथे आलाच नव्हता."

त्यांनी मला घाबरवलं की वाट दाखवली, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा मात्र मी चिडले. मला हवं होतं की वरच्यानं कुणीतरी नाही म्हणावं, किंवा हो म्हणावं. काहीही म्हणावं. म्हणजे मला हात वर करता आले असते. त्यांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

परत येताना औषधवाल्यांच्या बाकावरून जावं लागलं. त्यांनी डबा उघडला होता आणि हळूहळू जेवत होते. वर बघितलं नाही.

राजपत्राची पानं गुरुवारी चारला बंद होतात. तीन वाजून दहा मिनिटांनी मी कोरा अर्ज उघडला. ‘याऐवजी’ आणि ‘असे वाचावे’ हे शब्द त्यात आधीच छापलेले असतात, मधली जागा आपण भरायची. मी अशी हजारो शुद्धिपत्रं पानावर चढवली आहेत. कुणाचा हुद्दा चुकला, कुणाच्या जमिनीचा क्रमांक चुकला. मनातल्या मनात हसले आहे मी त्या लोकांना: एवढंसुद्धा नीट बघता येत नाही?

मी लिहिलं: ‘मूळ छापील प्रतीशी तंतोतंत जुळते’ याऐवजी ‘मूळ छापील प्रतीशी जुळत नाही, पानाच्या शेवटी तुटून मागील पानावर गेलेल्या अंदाजे चौदा हजार नोंदी गहाळ आहेत’ असे वाचावे. वाचलं. ‘अंदाजे’ खोडलं, परत लिहिलं. ‘यांत्रिक त्रुटीमुळे’ असं घातलं. छान दिसत होतं ते. यंत्राला कोण फाशी देणार? तीन वाजून चाळीस मिनिटांपर्यंत मी त्या दोन शब्दांशी खेळत बसले. मग ते काढले आणि घातलं, ‘निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीमुळे’. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा. पाठवलं तेव्हा चाराला आठ मिनिटं कमी होती. मला धीट वाटलं नाही. मला उलटी होईल असं वाटलं.

पाचच मिनिटांत छपाईच्या फोरमनचा फोन. आवाजावरून त्यानं वाचलेलं होतं.

"मशीनबाई, हे... खरंच चढवू?"

"चढवा."

"नाही, म्हणजे, पानात बसत नाहीये. सगळ्यात शेवटी आलात तुम्ही, तळाशी जागा कमी पडते. तुमची सही आणि वरच्या दोन ओळी मागे जाताहेत. अक्षर जरा बारीक करू? एका पानात बसवून देतो."

एरवी मीच सांगितलं असतं, करा बारीक.

"नको," मी म्हटलं. "जाऊ दे मागे."

बाहेर जाऊन औषधवाल्यांना सांगितलं, "उद्या दहाला या."

"काल म्हणालात अकराला या, आज म्हणता दहाला या." पण डबा बांधून ते उठले. माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "बरं नाही का? ॲसिडिटीची गोळी देऊ?"

शुक्रवारी दहाला अंक आला. बढत्यांच्या पानावर माझं नाव नव्हतं. शेवटून दुसऱ्या पानाच्या तळाशी माझं शुद्धिपत्र होतं. गाडी अकराच्या ऐवजी साडेदहालाच आली, आणि तळघरवाले दारात आडवे उभे. त्यांनी ड्रायव्हरच्या नाकासमोर अंक धरला होता.

"हे वाच."

"मला काय वाचायला लावताय? माल भरा."

"आधी वाच. पान उलट. सही मागे आहे."

ड्रायव्हरनं गिरणीला फोन लावला, शिव्या दिल्या, आमच्या सात पिढ्यांची आठवण काढली आणि रिकामी गाडी वळवली. तळघरवाल्यांनी सुतळ्या सोडायला घेतल्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चौदा हजार डोळ्यांनी बघायला दोन माणसं लागतील. एक वाचायला, एक बोट फिरवायला. वाचकखोलीतला एक अजून जिवंत आहे, माझ्या गल्लीत राहतो. तुमचं नाव काढलं की थुंकतो. पण येईल."

औषधवाल्यांना मी नक्कल, तिच्यावर मूळ खंडाचा पानक्रमांक लिहून, आणि तिला पिनेनं लावलेला आजचा अंक दिला. आता यादीवाल्या कारकुनाला ‘मशीन नाही म्हणतं’ असं म्हणता येणार नव्हतं. मशीन चुकतं हेही आता छापून आलं होतं. मानेल का? बहुतेक मानेल. मला खात्री नव्हती, आणि मी तसं सांगितलं. ते शुद्धिपत्र दोनदा वाचून म्हणाले, "तुम्ही नावानिशी दिलंत की हो." मग दुकान उघडायला गेले.

मला दुपारी पत्र मिळालं. चौकशी पूर्ण होईपर्यंत बढती स्थगित. किती दिवस, काय शिक्षा, काही लिहिलेलं नव्हतं. ते अजूनही कळलेलं नाही.

घरी जाताना दर जिन्यावर थांबत गेले. नवऱ्यानं आईला सांगून ठेवलंय अशी आशा होती. दारात त्याचा चेहरा बघितला आणि कळलं, त्याचं धाडस झालं नव्हतं. आई नीट आवरून, चौकट मांडीवर घेऊन बसली होती.

"आण," ती म्हणाली.

"आई, बढती नाही झाली."

"नाव आलंय ना?"

"आलंय. पण दुसऱ्या कारणासाठी. माझी चूक झाली होती. ती छापलीय."

तिचा हात पुढे केलेला तसाच होता. मी अंक दिला, पान काढून दिलं. तिनं भिंग लावून एकेक शब्द वाचला, ओठ हलवत. तिला एवढा वेळ लागला की नवरा उठून मागच्या खोलीत गेला. मला वाटलं ती रडेल. तिचा चेहरा उतरलाच होता, ते मला दिसलं, आणि मला त्या क्षणी सगळं परत घ्यावंसं वाटलं, चौदा हजार माणसांसकट.

"चौदा हजार," ती म्हणाली.

"हो."

"ब्याऐंशी वर्षांत किती खिडक्यांवर उभी राहिले मी. एकानंसुद्धा म्हटलं नाही, बाई, चूक आमची." तिनं पुन्हा वाचलं, मग पान उलटून माझ्या नावावर बोट ठेवलं. मग पुन्हा सुलट केलं. कपाळाला आठ्या पडल्या. "पण अगं, मजकूर या बाजूला आणि नाव मागे. चौकटीत दोन्ही कसं दिसणार?"

मी पिशवीतून दुसरा अंक काढला आणि कात्री आणायला उठले.